हृदयामुळे लागणारी धाप: ओळखायची कशी आणि घरी सांभाळायची कशी

धाप लागली की बहुतेक घरांत पहिला संशय फुप्फुसांवर जातो. वाफ घेतली जाते, खोकल्याचं औषध येतं, शेजारच्या दमेकऱ्याचा पंपही वापरून पाहिला जातो. माणूस साठीपुढचा असेल तर ‘वय झालं, एवढं चालायचंच’ म्हणून विषय तिथेच संपतो. पण फुप्फुसं मुळात धडधाकट असतानाही माणूस मध्यरात्री उठून खिडकीशी जाऊन बसू शकतो, कारण खरं दुखणं हृदयात असतं.

या आजाराला डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात आणि तो शब्द ऐकून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. हृदय बंद पडलंय असा त्याचा अर्थ नाही. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतंय, किंवा ढकलतंय पण त्यासाठी आतला दाब फार वाढवावा लागतोय, एवढाच अर्थ. यात बहुतेक वेळा जोराची धाप लागण्याच्या काही दिवस आधीपासून अंगात पाणी साठत असतं, आणि ते वजनकाट्यावर दिसतं. हे मधले दिवस हाताशी आले तर दवाखान्यातली भरती अनेकदा टळते. खालची बरीचशी माहिती ते दिवस कसे ओळखायचे याचीच आहे.

छातीत पाणी येतं कुठून?

हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांत पाठवते. तिथे ऑक्सिजन घेऊन ते डाव्या बाजूला परत येतं आणि डावा कप्पा ते अंगभर ढकलतो. दोन्ही बाजूंना मिनिटाला सारखंच रक्त सरकवावं लागतं, बसल्या जागी साधारण ५ लिटर. डावा कप्पा थोडासा जरी मागे पडला तरी रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसांतल्या केसाएवढ्या बारीक वाहिन्यांमधला दाब चढतो.

एरवी हा दाब पाऱ्याच्या १२ मिलिमीटरच्या आत असतो. रक्तातली प्रथिनं पाण्याला आत धरून ठेवतात. त्यांची ओढ सुमारे २५ मिलिमीटरची. दाब १८च्या आसपास गेला की पाणी वाहिन्यांबाहेर, फुप्फुसांच्या नाजूक भिंतींमध्ये झिरपू लागतं. २५च्या वर गेला की ते थेट हवेच्या पिशव्यांत उतरतं. हार्ट अटॅकमध्ये हे तासाभरात घडू शकतं. हृदयाची झडप वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली असेल तर तेवढ्याच दाबावर माणूस हिंडता-फिरता असतो, कारण झिरपलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांनी मधल्या काळात आपली ताकद कितीतरी वाढवलेली असते. म्हणून ‘एवढे दिवस काही त्रास नव्हता’ याचा अर्थ आजार नवा आहे असा होत नाही.

पाण्याने जड झालेलं फुप्फुस ताठ होतं. ते फुगवायला दर श्वासाला जास्त जोर लागतो. श्वासनलिकांच्या भिंती सुजून छाती दम्यासारखी वाजते. तिसरी गोष्ट भारतातच शोधली गेली. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे पुढे संचालक झालेले डॉ. अवतार सिंग पेंटल यांनी १९५०च्या दशकात फुप्फुसांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांलगतची संवेदनाग्रं शोधून काढली. जगभर ती ‘जे रिसेप्टर’ म्हणून ओळखली जातात. भिंतीत पाणी साठून ताण आला की ती मेंदूला कळवतात आणि श्वास उथळ व जलद होतो. अशा वेळी रक्तातला ऑक्सिजन अजून कमी झालेला नसतो. म्हणून बोटावरचा ऑक्सिमीटर ९६ दाखवत असताना माणूस खरोखर धापा टाकत असू शकतो. ‘आकडा चांगला आहे, टेन्शनमुळे होतंय’ असं म्हणून त्याला झोपायला लावू नका.

धाप नेमकी कधी लागते ते लिहून ठेवा

डॉक्टरांसमोर ‘दम लागतो’ एवढंच सांगून भागत नाही. एक वही करा आणि आठवडाभर या गोष्टी नोंदवा.

चालताना: किती पायऱ्या चढल्यावर थांबावं लागतं? महिन्यापूर्वी किती चढत होता? आजचा आकडा एकटा फारसं सांगत नाही, तुलना सांगते. पूर्वी दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जाणारा माणूस आता पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहतो, ही महत्त्वाची नोंद. पुष्कळजण धाप टाळण्यासाठी नकळत काम कमी करतात, देवळात जाणं सोडतात, बाजारहाट मुलांवर सोपवतात आणि ‘मला काही त्रास नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतात. म्हणून हा प्रश्न घरच्यांनाही विचारावा.

आडवं झाल्यावर: उशा मोजा. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, की ती नोंद ठळक करा. आडवं झाल्यावर पाय आणि पोटातलं पाव ते अर्धा लिटर रक्त छातीकडे सरकतं. निरोगी हृदय ते सहज पुढे पाठवतं, थकलेल्याला ते जमत नाही. मिनिट-दोन मिनिटांत धाप किंवा कोरडी ढास सुरू होते आणि उठून बसलं की ओसरते. फक्त आडवं झाल्यावर येणारा खोकला हेही याचंच रूप असू शकतं.

झोपेतून उठवणारी धाप: झोप लागल्यावर एक-दोन तासांनी माणूस गुदमरून जागा होतो, उठून बसतो, पंखा लावा म्हणतो आणि बरं वाटायला पंधरा-वीस मिनिटं किंवा अधिक वेळ जातो. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर हळूहळू रक्तात परत येतं, म्हणून हा उशीर. दम्याचा झटका बहुधा पहाटेकडे येतो आणि पंपाने सुटतो. वेळ लिहिलीत तर डॉक्टरांना फरक करायला मोठी मदत होते.

वाकल्यावर: चपलेचा पट्टा लावताना किंवा फरशी पुसताना अर्ध्या मिनिटाच्या आत श्वास कोंडतो. लोक याचा दोष पोटाच्या घेराला देतात. घेर असतोही, पण हे लक्षण नव्याने आलं असेल तर हृदय तपासून घ्यावं.

झोपेतला श्वास: शेजारी झोपणाऱ्यालाच हे दिसतं. श्वास खोल होत जातो, मग उथळ होत जातो, काही सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. हे चक्र सतत चालू असेल तर जरूर सांगा. दोन-तीन मिनिटांचं मोबाइल चित्रण सगळ्यांत उत्तम.

मधुमेह असलेल्यांत, वृद्धांत आणि बायकांत हार्ट अटॅक छातीत न दुखता नुसती धाप, घाम आणि कमालीचा थकवा घेऊन येऊ शकतो. अशी अचानक सुरू झालेली धाप वहीत लिहीत बसायची नाही. थेट इस्पितळ गाठायचं.

दमा, क्षय, की हृदय?

छाती वाजते म्हणजे दमाच, असं नाही. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘दमा’ झाला असेल तर ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय ते नाव स्वीकारू नये. दोन्ही आजार एकत्रही असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांत तर अनेकदा. पंपाने थोडं बरं वाटलं एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही.

एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या आवरणात पाणी दिसलं की आपल्याकडे आधी क्षयाचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. हृदयामुळे साठलेलं पाणी बहुधा दोन्ही बाजूंना किंवा उजवीकडे जास्त असतं, ताप नसतो आणि लघवीच्या गोळ्यांनी ते उतरतं. फक्त डावीकडे पाणी आहे, ताप आहे, वजन घटतंय, तर सुईने पाणी काढून तपासायला सांगतील. ती तपासणी टाळू नका.

काही वेळा त्रास औषधाचाच असतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी घशात खवखवून कोरडा खोकला येतो; गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. ठोके नियमित करण्यासाठी दिलेलं अमिओडॅरोन दीर्घकाळ घेतल्यावर क्वचित फुप्फुसांना इजा करतं, म्हणून ते घेणाऱ्याची नव्याने आलेली धाप गांभीर्याने घ्यायची. आणि अचानक धाप लागली, एकच पाय सुजला किंवा एकच पोटरी दुखू लागली, तर पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची शंका घेऊन तातडीने इस्पितळात जायचं.

तरुण मुलीला धाप लागते तेव्हा

हा भाग वेगळा काढला, कारण यात उशीर फार होतो. लहानपणी घसा सुजून नंतर सांधे धरलेले असतात. त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप जाड आणि अरुंद होत जाते. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते; दीडपेक्षा कमी उघडू लागली की आजार तीव्र मानतात. मुलगी ‘अशक्त आहे, रक्त कमी आहे’ या समजावर वाढते आणि पहिल्या गरोदरपणात त्रास उघडा पडतो, कारण तेव्हा अंगातलं रक्त जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ठोकेही वाढतात.

गरोदरपणात थोडा दम लागणं नेहमीचं आहे. पण आडवं झाल्यावर गुदमरणं, रात्री उठून बसावं लागणं, थुंकीत रक्त येणं हे नेहमीचं नाही. अशा वेळी इको करून घ्या. त्याने बाळाला काही होत नाही. झडप योग्य स्थितीत असेल तर छाती न उघडता मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती मोकळी करता येते. ज्यांना दर ३ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय त्यांनी ते दुखतं म्हणून सोडू नये. पुढची इजा त्यानेच थांबते.

तपासण्यांचा कागद कसा वाचायचा

ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि इको या तीन मूळ तपासण्या. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), सोडियम, पोटॅशियम, साखर, थायरॉइड. रक्तक्षय किंवा वाढलेला थायरॉइड थकलेल्या हृदयाला आणखी पळवतो आणि तो दुरुस्त करता येतो. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक मोजणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी महाग आहे पण गोंधळ असताना उपयोगी पडते: अचानक धाप लागलेल्या माणसात हा आकडा ३००च्या खाली असेल तर धाप हृदयाची असण्याची शक्यता फार कमी. स्थूल माणसांत मात्र तो खोटा कमी येऊ शकतो.

इकोच्या कागदावर सगळे ‘पंपिंग किती?’ एवढंच बघतात. डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं तो हा आकडा. निरोगी माणसाचाही १०० नसतो. ५५ ते ७०च्या दरम्यान असतो. त्यामुळे ५५ ऐकून ‘हृदय अर्धंच चालतंय’ अशी भीती नको. उलट पंपिंग ६० असूनही धाप हृदयाचीच असू शकते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने किंवा मधुमेहाने स्नायू ताठ झालेला असतो, नीट सैलावत नाही, आणि मागे दाब वाढतोच. फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला आहे का, हेही त्याच कागदावर असतं. तो बराच काळ वाढलेला राहिला की उजवी बाजू थकते आणि पाय, यकृत, पोट यांत पाणी उतरू लागतं.

रोजचं काम: वजन

सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहा-नाश्त्याआधी, सारख्याच हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर, कडक फरशीवर. सतरंजीवर ठेवलेला काटा खोटं सांगतो. आकडा कॅलेंडरवर लिहा.

चरबी एका रात्रीत वाढत नाही. एक दिवसात १ किलो वाढलं तर ते जवळपास १ लिटर पाणीच असतं. दिवसात १ ते दीड किलो किंवा ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, धाप नसली तरी. सोबत पायाचा घोटा बघा: नडगीच्या हाडावर अंगठा १० सेकंद दाबून ठेवा, खड्डा राहिला तर सूज आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसात हे पाणी घोट्याऐवजी कमरेच्या खालच्या बाजूला, माकडहाडाजवळ साठतं. तिथेही दाबून पाहा. चपला घट्ट होणं आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटणं हेही त्यात धरा.

मीठ आणि पाणी

मीठ पाण्याला धरून ठेवतं, म्हणून मिठाचा हिशेब आधी. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात स्वयंपाकातलं, ताटात वाढलेलं आणि विकतच्या पदार्थांतलं, सगळं आलं. सोपा उपाय असा: सकाळी आजारी माणसाच्या वाट्याचं अर्धा ते पाऊण चमचा मीठ एका लहान डबीत काढा. घरची भाजी-आमटी अळणी शिजवून त्याच्या वाटीत त्या डबीतूनच मीठ घाला. उरलेली पाव चमच्याची जागा पाव, बिस्कीट, दूध यांतल्या मिठाची.

लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, शेव-फरसाण, खारे दाणे, खारवलेली मिरची आणि कोकणातलं सुकट-बोंबील या हिशेबात बसत नाही. सुकी मासळी कितीही धुतली तरी सगळं मीठ निघत नाही. गणपती-दिवाळीनंतर सुजून येणाऱ्या रुग्णांच्या मागे फराळाचे डबेच असतात. चव आणायला लिंबू, कोकम, आलं-लसूण, कोथिंबीर, भाजलेलं जिरं, कढीपत्ता आहे. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते.

सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ आहे. उपवासाला ‘चालतं’ म्हणून हात सैल सोडू नका. आणि बाजारातलं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिलसारखी औषधं चालू असताना, त्यातून मूत्रपिंड कमजोर असेल तर, पोटॅशियम वाढून ठोके बिघडतात. प्रेमाने रोज आणलेलं शहाळंही याच कारणाने विचारून द्यावं.

पाणी सरसकट तोडायचं नसतं. त्रास जास्त असेल तर डॉक्टर दीड ते दोन लिटरची मर्यादा घालून देतात. त्यात चहा, ताक, सार, पातळ आमटी, पेज आणि गोळीबरोबरचं पाणीही येतं. एक लिटरची बाटली भरून ठेवा. इतर काही प्यायलं की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाका. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, लवंग चघळा. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, घाम फार जातो. त्या दिवसांसाठी मर्यादा आणि गोळ्यांचा डोस आधीच विचारून ठेवा.

गोळ्या: काय बिघडतं आणि का

फ्युरोसेमाइड किंवा टोर्सेमाइड ही लघवीची गोळी सकाळी घ्यायची. दुसरी असेल तर दुपारी ४च्या आत, म्हणजे रात्र जागून जात नाही. फ्युरोसेमाइडचा जोर तासाभरात सुरू होतो आणि साधारण ६ तास टिकतो. एसटीचा प्रवास आहे म्हणून गोळी टाळणं ही सर्रास होणारी चूक. त्या दिवशी ती मुक्कामी पोचल्यावर घेता येईल का, हे विचारा. उलट जुलाब-उलट्या चालू असतील, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, वजन नेहमीपेक्षा २ किलोने घसरलं असेल, तर पाणी जास्त निघून जातंय. गोळीबद्दल त्याच दिवशी बोला.

डापाग्लिफ्लोझिन ही मूळ मधुमेहाची गोळी आता हृदयासाठीही देतात. ‘मला साखर नाही, चुकून दिली असेल’ म्हणून बंद करू नका. मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल या ठोके संथ करणाऱ्या गोळ्यांनी पहिले काही आठवडे थकवा वाटू शकतो. त्या अचानक सोडणं धोक्याचं आहे.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. बरा चाललेला माणूस चार-आठ दिवसांत पुन्हा फुगतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, पण पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. ॲसिडिटीसाठी घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पुड्या आणि खाण्याचा सोडा यांनाही हेच लागू. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घेऊन टाका. छातीतला साधा संसर्गही अशा माणसाला भरतीपर्यंत नेतो.

रात्री अचानक छाती भरून आली तर

माणूस वाक्य पूर्ण करू शकत नाही, गार घाम फुटलाय, ओठ काळे-निळे पडलेत, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येतेय, ऑक्सिमीटर ९०च्या खाली आहे: यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा. गाडी येईपर्यंत त्याला पलंगाच्या कडेला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पाठीला लोड किंवा माणसाचा आधार द्या. पाय खाली सोडल्याने छातीकडे येणारं रक्त थोडं कमी होतं. खिडकी उघडा, पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या. पाणी पाजू नका, आडवं करू नका, जिना उतरायला लावू नका. खुर्चीत बसवून खाली न्या आणि गाडीतही बसवूनच न्यायला सांगा.

जादा लघवीची गोळी किंवा जिभेखालची (सॉर्बिट्रेटसारखी) गोळी अशा प्रसंगासाठी डॉक्टरांनी आधी सांगून ठेवली असेल तरच द्या. जिभेखालची गोळी बसवूनच द्यायची. वरचा रक्तदाब १००च्या खाली असेल किंवा गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल, टाडालाफिल (लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतलं असेल तर मुळीच नाही. औषधांची यादी, शेवटचा इको आणि वजनाचं कॅलेंडर एका पिशवीत दाराशी टांगलेलं असू द्या.

इस्पितळात तोंडा-नाकावर घट्ट मास्क बसवून दाबाने हवा देतात. तो दाब हवेच्या पिशव्या उघड्या ठेवतो, पाण्याला मागे रेटतो आणि श्वासाचे कष्ट कमी करतो. घशात नळी घालून लावलेला व्हेंटिलेटर तो नव्हे. घाबरून मास्क ओढून काढण्याकडे रुग्णाचा कल असतो, तेव्हा हात धरून ‘यंत्राबरोबर सावकाश श्वास घ्या’ असं सांगणारं घरचं माणूस जवळ असलं तर फार फरक पडतो.

घरी सोडतील त्या दिवशी सकाळचं वजन कागदावर लिहून घ्या आणि ‘हे माझं पाणी उतरलेलं वजन आहे ना?’ असं विचारा. घरी पोचल्यावर दुसऱ्या सकाळी आपल्या काट्यावर पुन्हा वजन करा. दोन काट्यांत फरक असतो, पुढची तुलना घरच्या आकड्याशी. पहिली फेरतपासणी १ ते २ आठवड्यांच्या आत ठेवा आणि जाताना क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट घेऊन जा, कारण पुढचा डोस त्यावरच ठरतो.